बानाबाईची मोजणी

"मोजा ना, बानाबाई," मी म्हणाले.

टँकर नुकताच वस्तीतून गेला होता. अंगणवाडीच्या दारात चिखल झाला होता आणि बाहेर पळालेली मुलं ओल्या पायांनी परत येऊन सतरंजीवर बसत होती. बानाबाई उंबऱ्यात उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती.

"समदे हायेत, बाई."

"किती?"

"समदे."

चिकलठाण्याच्या कारखान्यांमागची ती वस्ती. सालं शहाऐंशीच्या आसपासची. पाऊस पुन्हा गेला होता आणि खेड्यांतून निघालेली माणसं येऊन रोज कुठेतरी नवे पत्रे ठोकत होती. आता तिथे दुमजली घरं आहेत, खाली दुकानं आहेत. टँकर मात्र अजून येतो म्हणतात. मी तिथे अंगणवाडी चालवायची आणि बानाबाई माझी मदतनीस. धनगराची बाई, माझ्याहून बरीच मोठी. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा नवऱ्याबरोबर, भिकनबरोबर, सोयगावाकडून आली ती इथलीच झाली.

मेंढरं मोजायची नसतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. संध्याकाळी कळप आत घेताना तोंडं ओळखायची. एखादी नसली तर लगेच कळतं. आकडा उच्चारला की कळप घटतो.

"बहात्तरला छावणीवर येक साहेब आला अन् बोट दाखवून मोजून गेला," ती सांगायची. "मंग काय राह्यलं?"

"अहो, चारा नव्हता म्हणून गेली ना ती?"

"चारा तर कोनालाच नव्हता, बाई. दुसऱ्यांची जगली की थोडी."



तोंडं ओळखून तिनं कितीतरी दिवस मुलं सांभाळली. पण त्या वर्षी नवी तोंडं भराभर यायला लागली. एका दिवसाची गोष्ट. शालू नावाची एक मुलगी आदल्या दिवशीच आली होती. टँकर पाणी देऊन निघाला आणि बानाबाई म्हणाली, समदे हायेत. तेवढ्यात बाहेर बायका ओरडल्या. शालू टँकरच्या मागच्या चाकाशी बसून गळक्या नळीखाली ओंजळ धरत होती आणि गाडी वळायला मागे येत होती. कुणीतरी तिला ओढून घेतलं. टँकरवाला फकिरा खाली उतरला आणि तिथेच मातीत बसला.

दुसऱ्या दिवशी आमच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका द्वारकाबाई आल्या. "टँकरच्या आधी आणि नंतर, मोठ्यानं मोजायचं. मी सोमवारी येऊन बघणार. यांना जमत नसेल तर दुसरी मदतनीस बघू."

भिकनचं कंपनीतलं काम तेव्हा सुटलेलं होतं. घर बानाबाईवर होतं. पण ती बोलली ती शालूबद्दलच.

"तिचं तोंडच मला ठावं नव्हतं, बाई. रोज नवं लेकरू येतंय. किती ध्यानात ठिवू? शिकवा मला."

आकडे तिला येत होते. बाजारात ती कुणाला फसायची नाही. जिवंत जिवावर आकडा ठेवायचा म्हटलं की ती अडायची. म्हणून आम्ही आधी ताटल्या मोजल्या. रोज सकाळी, मुलं यायच्या आधी. त्या जमल्यावर, मुलं आत बसली की, दारातल्या चपला. दुसऱ्याच जोडाला ती थांबली.

"ही पोराच्या पायातलीच हाय की."

"पाय नाहीत ना आत्ता तिच्यात."

दोन दिवस गेले त्या चपलांत. मग शेजारच्या कोंबड्या. भिकन कट्ट्यावर बसून बघायचा. "मला मोज की," तो म्हणाला.

"तुमी मोजन्यात येत नाय."

सोमवारी टँकर गेला. द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या. बानाबाईनं पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "येक." कपाळावर घाम होता, पण आवाज चिरला नाही. शालूच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ राहिला.

"झालं की," द्वारकाबाई म्हणाल्या. "एवढं काय अवघड होतं?"

सुटी झाल्यावर बानाबाई घरी गेली नाही. प्रत्येक मुलाच्या दारात जाऊन उभी राहिली. मला राहवेना, मीही मागे गेले. मूल दिसलं की ती पुढे निघायची.

"मावशे, आत्ताच तर सोडलं त्याला," एका पोराचा बाप, कडुबा गवंडी, हसला. "लगीच सय आली व्हय?"

"उगं आले."

दुसऱ्या दिवशी शालू आली नाही.

बानाबाई तशीच निघाली. मुलांपाशी भिकनला बसवून मी मागोमाग. शालूच्या घराच्या जागी पत्रे नव्हते, फक्त मेढी रोवलेले खड्डे आणि चुलीचे दगड. शेजारीण धुणं वाळत घालत होती.

"जालन्याकडं गेले, वीटभट्टीवर. दिस उगवायच्या आत निघाले."

"पोरगी?"

"बापाच्या खांद्यावर व्हती की. हसत व्हती."

"हसत व्हती?"

"व्हय म्हनलं ना. काय झालंय तिला?"

परत येताना बानाबाईची चप्पल दोनदा निसटली. आम्ही अंगणवाडीपाशी पोचतो तोच कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला आणि आत मुलांची चुळबुळ सुरू झाली. मी पुढे झाले.

"राहू द्या. आज मी मोजते."

ती उंबऱ्याशी थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"नगं, बाई. आज सोडलं तर मला उद्या मोजता यायचं नाय."

तिनं दार लोटून घेतलं आणि पहिल्या डोक्यावर हात ठेवला. आवाज बारीक होता, पण प्रत्येक आकडा ऐकू येत होता. शेवटचं मूल झालं. तिचा हात मात्र खाली आला नाही. सतरंजीच्या मोकळ्या कोपऱ्यावर, बसलेल्या लेकराच्या डोक्याइतक्या उंचीवर, तो थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो लुगड्याला पुसला आणि मुलांच्या खाऊची सुकडी वाटायला घेतली.