खुशालरावांची सावली

खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या, आणि तेवढ्यावरून अमरावतीच्या बाजारात माणसं त्या बैलांनाही अदबीनं वाट द्यायला लागली होती. गोदाबाई माळीण मात्र आपल्या टोपलीपासून हलायची नाही. चार वर्षांमागे हाच खुशाल्या डोक्यावर सरकीचं पोतं घेऊन परकोटाच्या दरवाजातून आत यायचा आणि तिच्या शिदोरीतला कांदा न विचारता उचलून भाकरीबरोबर खायचा. मग साता समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, विलायतेला वऱ्हाडचा कापूस गोड लागायला लागला आणि खुशाल्याचे खुशालराव झाले. अंगावर कोट चढला. वैशाखातही तो उतरत नसे. घामानं निथळायचे, पण कोटात निथळायचे.

बाजाराच्या मधोमध एक जुना निंब होता. भाजीवाल्या आणि फुलवाल्या त्याच्याखाली बसायच्या. कापसाच्या गाड्या वळवायला आडवा येतो म्हणून खुशालरावांनी तो तोडवला. बायांनी गलका केला तेव्हा माळ्यांचा पुढारी भगवंत मध्ये पडला, आणि खुशालरावांनी आपल्या मायबहिणींसाठी कौलारू मांडव बांधून देण्याचा शब्द दिला. मांडव झालाही. दगडी ओटा, सागाचे खांब. पूजेच्या दिवशी भगवंत त्यांच्या उदारपणाबद्दल बोलता बोलता रडला. रडताना त्याचा एक डोळा जिलबीच्या परातीवर होता, असं गोदाबाई पुढं कितीतरी दिवस सांगायची.

आठवडा झाला नाही तोच मांडवात कापसाच्या गाठी येऊन पडल्या. अवकाळीची भीती आहे, चारच दिवस, असा निरोप आला. चाराचे चाळीस झाले. बाया समोरच्या उघड्या फुफाट्यात लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसत. गोदाबाईचा मोगरा दुपारच्या आत काळा पडे. ती भगवंताकडं गेली.

"दमानं घे, गोदाबाई," भगवंत म्हणाला. "मोठ्या मानसाशी असं तोडून नाई बोलत. थे आपल्याले देवळासाठी कळस देऊन राहिले."

"कळसाखाली मोगरा इकू का?" गोदाबाईनं विचारलं आणि उत्तराला न थांबता निघून आली. त्या माणसाच्या तोंडाकडं पाहण्यापेक्षा ऊन बरं, असं तिला वाटलं.

वैशाखातल्या एका दुपारी तिच्या शेजारची म्हातारी आशाबाई सांभार-कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे पांढरे. ऊन लागलं होतं. गोदाबाईनं दोघींना हाक मारली आणि तिघींनी म्हातारीला उचलून मांडवाकडं नेलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. राखणदार सहदेव आडवा आला.

"मालक रागावतीन, बाई."

"मंग तू या बुडीले मांडीवर घेऊन बस उन्हात. बसतं?"

सहदेव बाजूला झाला. बायांनी खांदे लावून दोन गाठी ओट्यावरून खाली लोटल्या, म्हातारीला दगडावर निजवलं, कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळला. घटकाभरानं तिनं डोळे उघडले, तोवर बातमी पोचून खुशालराव हजर झाले होते. ते आधी गाठींपाशी गेले.

"मातीत लोळवल्या? डाग पडला त कोन घेईन ह्या?"

"मानूस पडलं होतं," गोदाबाई म्हणाली. "आमच्यासाठी बांधला ना तुमी मांडव? मंग कापसाले काहून ऊन लागून राहिलं, आन् आमाले नाई?"

बाजार गोळा झाला होता. खुशालरावांनी एकदा गर्दीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पाघळला. त्यांनी सहदेवाकडून आपली छत्री घेतली, ओट्यावर चढले आणि कौलांच्या गर्द सावलीत निजलेल्या म्हातारीवर स्वतःच्या हातानं छत्री धरली. लोक वाहवा करू लागले. एकानं तर डोळे पुसले. सावलीत छत्री कशाला, हे शेकडो माणसांत एकालाही सुचू नये! गोदाबाईला आपल्या गावाची किळस आली. पण पुढचं त्याहून वाईट होतं. आशाबाई कोपरावर उठली आणि तिनं खुशालरावांच्या जोड्यांवर डोकं ठेवलं.

"मायबाप, तुमीच वाचवलं मले."

दुसऱ्या दिवशी गाठी पुन्हा आत गेल्या. फक्त एक कोपरा आशाबाईला मिळाला. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांना खुशालराव ती दाखवत, हीच ती, मी वाचवलेली. म्हातारी दरवेळी हात जोडी. गोदाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. मांडवावरून गेली तरी तिच्याकडं पाठ करून जायची.

मग एक दिवस आशाबाईजवळ मैनाबाई बसलेली दिसली. आठवड्यानं वच्छला. पुढं आणखी दोघी. गाठी एकेक करून परकोटाच्या दरवाजाबाहेरच्या मैदानात ताडपत्रीखाली जाऊ लागल्या. जेठ लागेपर्यंत मांडवात बायाच बाया झाल्या आणि उन्हात एकटी गोदाबाई राहिली.

त्या सकाळी आशाबाई काठी टेकत तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"उठ व गोदे. तुह्यासाठी बी आत जागा झाली."

"मी नाई येत. मी त्याच्या पाया पडत नाई."

"तुले कोन म्हनते पड? मी पडली ना. माही ननंद हाये म्हनून सांगतलं त्याले."

"मी तुही ननंद?"

"मैना बहीन, वच्छला भाची, थ्या दोघी सुना. मले लेकरू नाई, मंग सुना कुठून, हे त्यानं इचारलं का? त्याले मायबाप आयकू आलं का पुढचं काईच आयकू येत नाई. थो येडा हाये, गोदे. तू त्याले शाना समजून भांडत बसली."

इतके दिवस गोदाबाई या म्हातारीची कीव करत होती. आता आपलीच कीव करावी की काय, असं तिला वाटलं, आणि ते सहन होईना. तिनं टोपली उचलली आणि आत जाऊन बसली.

दुपारी खुशालराव आले. कोट होताच.

"आशाबाई, ही कोन?"

"ननंद, मालक. गरीब हाये."

खुशालराव समाधानानं हसले. हिच्याच शिदोरीतला कांदा आपण खायचो आणि हिनंच आपल्याला चारचौघांत जाब विचारला होता, हे त्यांना आठवलंही नाही. गोदाबाईनं हात जोडले नाहीत आणि ‘मी हिची कुणी नाही’ असंही म्हटलं नाही. खाली मान घालून ती मोगऱ्यावर पाणी शिंपडत राहिली. गरीब हा शब्द तिला दिवसभर टोचत होता. पण फुलं संध्याकाळपर्यंत टिकली, आणि दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांच्या आधी येऊन ओट्यावर बसली.