जमीन गोठेपर्यंत

सुमित्रा थंडीची वाट पाहत होती. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात पस्तीस हिवाळे काढलेल्या बाईने थंडीची वाट पाहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण तिच्या बाजूने दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

गणपतीच्या आरतीनंतर ओळखीतल्या रेखाने कौतुकाने फोनवरचा एक फोटो सगळ्यांना दाखवला आणि त्याच आठवड्यात सुमित्राचा नवरा प्रल्हाद गराजमध्ये राहायला गेला. फोटो सुमित्रा-प्रल्हादच्या मुलीच्या, इलाच्या लग्नाचा होता आणि त्यात सुमित्रा दिसत होती. दोन मुलांच्या घटस्फोटित बापाशी लग्न करणार असशील तर आमच्यापैकी कोणी येणार नाही, असं प्रल्हादने इलाला बजावलं होतं. सुमित्रा मात्र नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे असं सांगून निघाली आणि कॅलिफोर्नियात सांता क्लाराला जाऊन लेकीवर अक्षता टाकून आली. गेल्याचा तिला पश्चात्ताप नव्हता. खोटं बोलल्याचा होता, पण ते सांगायला तोंड उघडत नव्हतं.

गराज घराला जोडलेलं नव्हतं, मागच्या अंगणात वीस पावलांवर होतं. प्रल्हादने तिथे घडीची कॉट टाकली. जेवायला तो घरात यायचा, स्वतःचं ताट धुवायचा आणि पाहुण्यासारखा "येतो" म्हणून निघून जायचा. बर्फ पडला की मुकाट्याने परत येईल, असं सुमित्राने मनाशी धरलं होतं.

ऑक्टोबर संपता संपता त्याने जाहीर केलं की गराजला हीटिंग बसवायचं. आयुष्यभर मोटारींच्या हीटरची डिझाइन्स केलेला माणूस तो, त्याला कोण अडवणार? टेक्निशियन येऊन पाहून गेला. गॅसचा हीटर लावा, नाहीतर एसीसारखा दिसणारा मिनी-स्प्लिट लावा, पाइप किंवा केबल न्यायला घरापासून गराजपर्यंत चर खणावाच लागेल, असं तो म्हणाला. एकदा जमीन गोठली की मग थेट एप्रिल. कॉफी द्यायला गेलेल्या सुमित्राने एवढं नेमकं ऐकलं.

त्या शनिवारी तिने प्रल्हादच्या चार मित्रांना मिसळ खायला बोलावलं. चौघेही इंजिनिअर, म्हणजे एकमत होण्याची भीती नव्हती. नरेंद्र म्हणाला, मिनी-स्प्लिट कडाक्याच्या थंडीत मान टाकतो. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. तिसरा गॅसवर अडून बसला. चौथा म्हणाला, "आधी भिंतींना इन्सुलेशन कर यार, नाहीतर अख्खी गल्ली गरम करशील." विषयाचा असा कीस पडला की मिसळीचा रस्सा दोनदा गरम करावा लागला. पुढच्या शनिवारी सुमित्राने त्यांना पुन्हा बोलावलं, त्याच्या पुढच्याही. प्रल्हादच्या तुलनेच्या तक्त्यात अकरा रकाने झाले आणि टेक्निशियनच्या कागदावर सही काही होईना.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेक्निशियनचा फोन आला. जमीन गोठली होती. सुमित्राने पलंगावरची प्रल्हादची बाजू नीट केली, त्याची जाड रजई काढून ठेवली आणि त्याच्या आवडीची कटाची आमटी केली. प्रल्हाद आमटी जेवला, दुकानात गेला आणि सिलिंडरवर चालणारा एक हीटर घेऊन आला. बंद जागेत तो धोक्याचा असतो हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. हट्टाला पेटला की तो स्वतःचंच शिक्षण विसरायचा.

रविवारी दुपारी एक वाजून गेला तरी तो जेवायला आला नाही. सुमित्रा गेली तर शटर खाली, फटींत टॉवेल कोंबलेले आणि हीटर लालबुंद. खुर्चीतल्या प्रल्हादची जीभ जड झाली होती. डोकं फुटतंय, एवढंच तो कसंबसं बोलला. तिने शटर उघडलं, सिलिंडर बंद केला, त्याला ओढत बर्फात आणलं आणि अँब्युलन्स बोलावली. आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. हे आपणच केलंय, असं सुमित्राला वाटलं.

दोन दिवसांनी तो घरी आला तो सरळ गराजमध्येच गेला. सिलिंडर तिने कधीच परत पाठवला होता. तिथे आता विजेचा एक छोटा हीटर होता, त्याने जेमतेम पाय गरम व्हायचे. सुमित्रा स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि कॉटजवळच्या भिंतीवर विषारी वायूचा अलार्म बसवू लागली.

"हा बेडरूममधला ना? मग तुझ्या खोलीत काय?" प्रल्हादने विचारलं.

तुझ्या खोलीत. तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला.

"जमीन गोठेपर्यंत सही लांबावी म्हणून मी तुमच्या मित्रांना जेवायला घालत होते," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं मला. म्हणून तर सही करत नव्हतो." तो थांबला. "तीन महिने झाले, सुमित्रा. एकदाही आत चला म्हणाली नाहीस."

ती स्टुलावरून उतरली. एवढे दिवस तिने आपलं काम थंडीवर सोपवलं होतं.

"इलाच्या लग्नाला मी आजही गेले असते," ती म्हणाली. "पण तुमच्याशी खोटं बोलले, ते चुकलं माझं. आत चला."

प्रल्हादने हातांचे तळवे छोट्या हीटरसमोर धरले.

"आज नको," तो म्हणाला.

सुमित्रा पुन्हा स्टुलावर चढली. उद्या पुन्हा विचारायचं, परवाही विचारायचं, असं तिने ठरवलं आणि राहिलेला स्क्रू घट्ट पिळला.