नव्वद दिवसांची अट

“एक बार भी स्वाइप किया होता ना आँटीजी, तो क्लेम पास था,” बँकेच्या काउंटरपलीकडची गुरलीन म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा शशिकलाकडे वळवला. “सौ रुपये का पेट्रोल भी चल जाता.”

शशिकलाने पडद्याकडे पाहिलं. अक्षरं पुसट दिसत होती. चष्मा पर्समध्ये होता, पण तो काढायचं तिला सुचलं नाही. शेजारी बसलेली क्षितिजा पुढे झुकली, तिने वाचलं आणि नेहमीप्रमाणे आईला हिंदीतच सांगितलं, “मम्मा, लिखा है ॲक्सिडेंट से पहले के नब्बे दिन में कार्ड कम से कम एक बार यूज़ होना चाहिए. पापा ने तीन साल में एक बार भी नहीं किया.”

“वापरायचं नव्हतंच ते,” शशिकला म्हणाली. “म्हणून तर घेतलं होतं.”

हे गुरलीनला कळलं नाही, आणि क्षितिजाने तिला समजावून सांगितलं नाही.

सेक्टर सतराच्या त्या शाखेत मायलेकींची ही चौथी खेप होती. शशिकलाचे यजमान बाळकृष्ण जगदाळे जाऊन साडेचार महिने झाले होते. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हेडक्लार्क. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. मे अखेरच्या एका रविवारी ते मुल्लानपूरला बांधकाम बघायला गेले होते. तिथे त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट बुक केला होता. परतताना मागून आलेल्या गाडीने स्कूटर उडवली. गाडी थांबली नाही. तिचा नंबर कुणी पाहिला नाही.

इस्लामपूर सोडून इकडे उत्तरेत येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. क्षितिजाचा जन्म इथलाच. सरकारी क्वार्टर आज ना उद्या सोडावं लागणार होतं, आणि फ्लॅटचे उरलेले पैसे दिवाळीपर्यंत भरा, नाहीतर बुकिंग रद्द, असं बिल्डरने कळवलं होतं. कार्डावरच्या अपघात विम्याचे दहा लाख आले असते तर ते जमणार होतं. शशिकलाने त्या दहा लाखांचा शब्द कुणाजवळ काढला नव्हता. पण रोज संध्याकाळी कणीक मळताना ती मनातल्या मनात त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भांडी लावत असे.

ते क्रेडिट कार्ड बाळकृष्णांनी कसं निवडलं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस सगळं वाचायचा. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, प्रेशर कुकरचं पत्रक, रेल्वे तिकिटाची मागची बाजू. ऑफिसात त्यांना ‘वकीलसाब’ म्हणत. सेक्टर बावीसच्या बाजारात टेबल मांडून बसलेल्या तीन बँकांच्या पोरांकडून त्यांनी पत्रकं आणली आणि अकरा दिवस ती जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली.

“अहो, परीक्षा हाय काय तुमची?” ताटं ठेवायला जागा नव्हती म्हणून ती वैतागली होती.

“परीक्षाच आहे. हे बघ, इथं मोठ्या अक्षरात ‘फी नाही’. आणि खाली बारीक अक्षरात ‘पहिल्या वर्षी’. हे गेलं.” त्यांनी ते पत्रक बाजूला सारलं. “हे दुसरं. व्याज साडेतीन टक्के. स्वस्त वाटतं की नाही?”

“वाटतंय की.”

“महिन्याचं आहे ते. वर्षाला बेचाळीस. आणि थोडेच पैसे भरले तर उरलेल्यावर चालूच.”

“मग घेताय कशाला? कर्ज नको म्हणून आयुष्यभर पैसा पैसा धरून राहिलोय आपण.”

“कर्जासाठी नाही गं. या तिसऱ्यात अपघाताचा विमा फुकट आहे. दहा लाख. फी कायमची माफ. घ्यायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. मला काही झालं तर तुझ्या हातात काहीतरी पाहिजे.”

“काहीतरी अभद्र बोलू नका,” ती म्हणाली होती. पण कार्ड आलं तेव्हा तिनेच ते पाकिटासकट साड्यांखाली ठेवलं.

आता तिने पिशवीतून बत्तीस पानांची अटींची पुस्तिका काढली आणि काउंटरवर ठेवली. “बेटा, ये देखो. उन्होंने पूरा पढ़ा था.”

गुरलीनने पानं उलटली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. सत्ताविसाव्या पानावर विम्याबद्दल दोनच ओळी होत्या : विम्याच्या सविस्तर अटी मूळ पॉलिसीनुसार लागू. त्याच्या बाजूला बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं, ‘मूळ पॉलिसी कुठे? विचारणे.’ आणि त्याखाली दोन तारखा.

“ये क्या लिखा है?”

“पापा ने पूछा था,” क्षितिजा म्हणाली. “दो बार ई-मेल किया था. मेरे ही फ़ोन से. जवाब आया कि आपका सवाल हमारे लिए महत्वपूर्ण है. उसके बाद कुछ नहीं आया.”

गुरलीन आत साहेबांकडे गेली. काचेपलीकडे ती हातवारे करून काहीतरी सांगताना दिसत होती. साहेबांनी पुस्तिका हातात घेतली, सत्ताविसावं पान पाहिलं आणि मान हलवली. वाईट माणूस वाटत नव्हता. पण मान त्याने आडवीच हलवली.

तेवढ्या वेळात शशिकलाला एप्रिल आठवला. फ्रिज बंद पडला होता. मेकॅनिक म्हणाला होता, काँप्रेसर गेला, आता नवा घ्या. दुकानात, कपाटातून सोबत आणलेलं कार्ड पुढे करत बाळकृष्ण म्हणाले होते, “कार्डावर घेऊया का? हप्त्याला व्याज नाही म्हणतायत. मी वाचलंय.” आणि तीच म्हणाली होती, “नको. ते अडचणीला असू दे. भिशीचे आहेत माझ्याकडे.” ते हसले होते. “बरं, राणीसरकार,” असं म्हणून त्यांनी ते परत खिशात घातलं होतं.

चौदा एप्रिल. सुट्टीचा दिवस होता म्हणून तारीख लक्षात होती. अपघात सत्तावीस मे रोजी झाला. तिने बोटांवर मोजलं. त्रेचाळीस दिवस.

हे तिने क्षितिजाला सांगितलं नाही. पुढेही कधी सांगणार नव्हती.

गुरलीन परत आली ती पत्राच्या दोन प्रती घेऊन. “सॉरी आँटीजी. बीमा कंपनी दूसरी है, हमारे हाथ में कुछ नहीं. एक कॉपी आपकी, एक पे साइन कर दीजिए. हमारी फ़ाइल के लिए.”

“आगे कहीं शिकायत कर सकते हैं?” क्षितिजाने विचारलं.

“कर सकते हो.” गुरलीनने आवाज खाली आणला. “लेकिन शर्त तो लिखी हुई है ना.”

क्षितिजाचे डोळे भरून आले. ती उठून पाण्याच्या मशीनपाशी गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली.

शशिकलाने पर्समधून चष्मा काढून लावला. पत्राचा अर्धा भाग इंग्रजीत होता, अर्धा हिंदीत. हिंदी तिला वाचता येत होती. दावा नामंजूर, हे तिने सावकाश वाचलं. मग शेवटचा परिच्छेद आला. कार्डधारकाने नियम व अटी न वाचल्यामुळे झालेल्या नुकसानीस बँक जबाबदार नाही.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

“ये लाइन निकालो.”

“जी?”

“ये ‘नहीं पढ़ीं’ वाली. उन्होंने पढ़ा था.”

“आँटीजी, ये फ़ॉरमॅट है. सब लेटर में यही आता है. कंप्यूटर से निकलता है.”

“पैसा नहीं माँगती मैं. सिर्फ़ ये लाइन.”

“मैं नहीं बदल सकती जी. सच में.”

मागे रांगेतला एक माणूस घड्याळ बघत होता. शशिकलाने काउंटरवरचं पेन उचललं. ते दोरीने बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती, त्यामुळे तिला वाकावं लागलं. बँकेच्या प्रतीवर तिने ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोडली. दोरी ओढली जात असल्याने रेघ शेवटी वर गेली. मग वरच्या मोकळ्या जागेत तिने मराठीत लिहिलं, ‘वाचल्या होत्या’. खाली पूर्ण नाव, तारीख.

गुरलीनने कागद हातात घेतला. “सिस्टम में तो वही रहेगा, आँटीजी.”

“रहने दो. फ़ाइल में ये रखो.”

गुरलीनने त्या अनोळखी ओळीवरून बोट फिरवलं. तिने शिक्का उचलला, शाईच्या डबीवर दाबला आणि अक्षरांवर पडणार नाही अशा बेताने खालच्या कोपऱ्यात उमटवला. मग तिने पुढचा टोकन नंबर पुकारला, आणि मागचा माणूस पुढे सरकला तशी शशिकला खुर्चीवरून उठली.