उजवं बटण

नंदकुमारांनी हातातला खेळ उशीवर टाकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उजवा अंगठा पुन्हा गेला, म्हणाले. आता पुरे झालं.

त्यांच्या बायकोला, वसुधाला, ते पटेना. पक्षाघाताच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, पण चेंडू दिसला की नंदकुमारांचं डोकं फिरायचं. मग जावयाने मस्कतहून हा खेळ आणला. तळहातावर मावणारा, काचेमागे काळी होडी आणि वरून पडणारे मासे. डावं बटण दाबलं की होडी डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. मुलुंडच्या बँकेत जन्मभर गंभीर चेहऱ्याने बसलेला हा माणूस दिवाळीपासून मासे पकडत होता आणि अंगठा खरोखर वळायला लागला होता. तो एका दुपारीत कसा जाईल?

तिने खेळ उचलला आणि उजवं बटण स्वतः दाबलं. ते आत गेलं ते तिथेच बसलं.

"अहो, अंगठ्याला काही झालेलं नाही. बटण अडकतंय."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याने खेळ उलटसुलट केला आणि बाहेरच्या वस्तूचे पार्ट मिळत नाहीत असं म्हणून हात झटकले. वसुधाने वाद घातला नाही. त्याच्याकडून बारीक स्क्रू ड्रायव्हर तेवढा मागून घेतला. घरातली शिलाई मशीन आजवर तीच उघडत आली होती. हे काय त्याहून अवघड असणार?

स्क्रू हरवू नयेत म्हणून ती परात पुढ्यात घेऊन पलंगाशेजारी बसली. मागचं झाकण निघालं, आतली हिरवी पट्टी उचलली, तर खाली रबराची मऊ टोपी आणि तिच्याखाली बटण. बटणाच्या कडेला तपकिरी चिकटा होता. तिने बोट लावून वास घेतला.

"साखरेचा चहा. तुम्हाला बंद केलाय ना?"

आता मात्र नंदकुमार वळले. ती महिला मंडळात गेली की शेजारच्या द्रौपदीबाई कपभर देतात, हे त्यांनी कबूल केलं. परवा कप कलला आणि चहा खेळावर सांडला.

इंजेक्शनचं उरलेलं स्पिरिट कापसावर घेऊन वसुधाने बटण आणि त्याची खाच लख्ख पुसली. सगळं परत बसवलं. बटण टक्कन वर आलं, पण होडी जागची हलेना. तिने पुन्हा उघडलं. रबराची टोपी उलटी बसली होती. ती सुलटी केली आणि होडी सरकली.

तीन स्क्रू बसवून ती चौथा उचलणार, तोच नंदकुमारांनी उजवा हात पुढे केला.

त्यांच्या चिमटीतून स्क्रू परातीत पडला. पुन्हा पडला. वसुधाने दोन्ही हात मांडीवर ठेवून घेतले, मदत केली नाही. शेवटी तो भोकात उभा राहिला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये स्क्रू ड्रायव्हर हळूहळू फिरला.

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. खेळ चालू करून पाहिलासुद्धा नाही.

"बाकीचे तीन काढ," ते म्हणाले. "तेही मीच बसवतो."