धरणातला रोहू

लतिकाने तिसऱ्या रोहूचं पोट चिरलं आणि कात्री हातात धरून तशीच बसली. याच्याही पोटात भाताचे पांढरे गोळे निघाले. त्यांत काळे तीळ होते.

धरणातल्या माशाच्या पोटात शेवाळ निघावं, गाळ निघावा. तीळ-भात कुठून येणार? कुठून ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच अंगावर काटा आला. गेल्या वर्षी वडिलांच्या दहाव्याला, रामटेककडच्या जुन्या तळ्यात भावाने असाच पिंड सोडला होता. तो बुडायच्या आधीच खालून काहीतरी आलं आणि घेऊन गेलं. त्या तळ्यातला मासा कुणी धरत नाही, खाणं तर लांबच.

मत्स्य संशोधन केंद्राचे प्रमुख मुकुंदराव मात्र खुशीत होते. माशांचं बाळसं पाहून जणू त्यांच्याच अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"काय भरलेत मासे! धरणात जाळी दुप्पट करायला हरकत नाही, असं शनिवारी सरकारला कळवून टाकू."

"सर, त्याआधी एकदा धरणावर जाऊन येते. माझ्या डोळ्यांदेखत निघालेला एक तरी रोहू हवा."

धरणावर ती पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. काठावर बगळा नव्हता, खंड्या नव्हता. पाण्यावर होड्या होत्या, जाळी पडत होती, निघत होती, पुन्हा पडत होती. जिथे मासेमार ढीवर मंडळी तिथे आरडाओरडा, शिव्या, हसणं आलंच. इथे कुणी ब्र काढत नव्हतं.

दर आठवड्याला नागपूरला केंद्रात माशांची टोपली पोचवणारा नत्थू तिला बघून पांढराफटक पडला. पण बाईला नाही कसं म्हणणार? त्याने होडी काढली. वल्ह्यावर त्याची बायको गोपिका बसली.

जाळं वर आलं, रिकामं. पुन्हा टाकलं, पुन्हा रिकामं. त्यात काटकीसुद्धा नव्हती.

"नत्थूभाऊ, तुम्ही आणता ते मासे पिंडाच्या तळ्यातले आहेत ना?"

उत्तर गोपिकाने दिलं.

"हो जी. धरणातले म्हून विकतो आमी. पण आमच्या घरी कोणी तोंडाले लावत नाही."

"मग इथे रोज जाळी काहून टाकता?"

"नाही टाकली तं सरकार म्हणन मासेच नाहीत, धरणातली मासेमारी बंद करा. मंग आमी खायाचं काय?" तिने वल्हं मांडीवर घेतलं. "बाहत्तरच्या दुष्काळामंदी पाणी तळाले गेलं होतं, बाई. पोरं उपाशी होती. आमी पाण्यात मच्छरदाण्या लावल्या. बोटभर पिल्लंबी सोडली नाही. आमीच खाल्ले सारे."

लतिकाने सभोवार पाहिलं. अख्खा गाव मेलेल्या पाण्यात मासे धरण्याचं सोंग करत होता, आणि त्या सोंगात कुणाचाही हात चुकत नव्हता. तिला भीती वाटली. कधी एकदा काठ गाठते असं झालं.

तेवढ्यात दोर ताणला गेला आणि होडी कलली. खुंट अडकला असेल म्हणून नत्थूने शिवी हासडली, आणि मग जाळ्यातून रोहू वर आला. मोठा, जिवंत. मादी होती. पोट टच्च फुगलेलं, फळीवर दोन-चार अंडी सांडली. आजूबाजूच्या होड्या जागच्या जागी थांबल्या.

नत्थूचा आवाज फाटला. "पाह्यलं ना बाई? आहे ना मासा? घ्या, चिरा, अन् लिहून टाका धरण चालू ठेवा म्हून!"

लतिकाचा हात पुढे झाला नाही.

गोपिकाने दोन्ही हात माशाखाली घातले, होडीच्या काठावरून वाकली आणि त्याला हलकेच पाण्यात सोडलं.

"काय केलं वं हे!" नत्थू ओरडला.

रोहू क्षणभर तिच्या हातांतच थांबला, मग खाली गेला. गोपिकाने हात पुसले नाहीत.

"एकटीच असन का जी ते?" तिने विचारलं.

लतिका म्हणाली, "माहीत नाही. दोन वर्षं पाण्याला हात लावला नाही, तर कळेल."

नत्थू डोक्याला हात लावून बसला. मग उठला आणि उरलेलं जाळं ओढून होडीत जमा करू लागला. त्याच्याकडे बघत बसलेल्या पलीकडच्या होडीतल्या म्हाताऱ्यानेही आपला दोर ओढायला घेतला.