पोटातला बार

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. तोंडातून दारू आणि शिसं घालायचं, गजाने ठासायचं, मग घोडा ओढायचा, अशी माझी तऱ्हा. नरसिंहपूरकडच्या एका वाडीत दादासोंच्या घरी मी राहते. माझा रीतसर परवाना आहे बरं का, मी काही चोरटी नाही.

दादासोंची मेंढरं होती आणि माळावर लांडगे होते, म्हणून मी घरात आले. दादासोंनी कधी लांडगा मारला नाही. ते हवेतच बार काढायचे. पण माझा आवाज असा होता की लांडगा शेपूट घालून पळायचा! मला त्याचा फार तोरा होता. आणि बार काढला की दादासो आधी मला तेलाच्या फडक्याने पुसायचे, मगच स्वतः भाकरीला बसायचे. माझे लाड म्हणाल तर एवढेच, पण ते मला पुरत होते.

एकदा तिन्हीसांजेला मेंढरांच्या वाड्याजवळ लांडगा आला. दादासोंनी मला घाईघाईने ठासलं, वरून मेणकापडाचा बोळा बसवला. पण घोडा ओढायच्या आतच कुत्री सुटली आणि लांडगा पळाला. त्याच्यामागे धावताना दादासो ओघळीत पडले, त्यांचा खुबा मोडला. लोकांनी त्यांना बाजेवर घालून घरी आणलं आणि मला खुंटीला टांगलं. त्या रडारडीत मी भरलेली आहे की रिकामी, हे कोण विचारणार? दादासो पुन्हा उठलेच नाहीत. पुढे मेंढरं विकली, रानात ऊस उभा राहिला. मी मात्र पोटात बार घेऊन भिंतीला लटकत राहिले.

वर्षातून एकदाच माझी आठवण व्हायची, खंडेनवमीला. घरातल्या हत्यारांची पूजा ना त्या दिवशी! मला खाली काढायचे, तांब्याभर पाण्याने धुवायचे, ओल्या अंगावर हळदकुंकू वाहायचे, तोंडात झेंडूचं फूल खोचायचे आणि तशीच परत खुंटीला. अहो, लोखंडाला कोणी अंघोळ घालतं का? घातलीत तर निदान पुसा तरी! पण देवाला कोण पुसतो? मी गंजून लाल झाले.

चौऱ्याण्णव साली बारामतीचे एक पाव्हणे पूजेला आले होते. मला बघून म्हणाले, "ही बंदूक हाय का मोरीचा पाइप?" सगळे हसले. दादासोंचा मुलगा सिद्धू मात्र वरमला. दुसऱ्या वर्षी खंडेनवमी जवळ येताच त्याने मला अंगणात घेतलं. रॉकेल लावलं, काथ्याने घासलं, पॉलिशपेपर फिरवला. गंज सुटू लागला तसं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्याने माझ्या तोंडात गज घातला. तो वीतभर आधीच अडला. सिद्धूला वाटलं, आत गंज साचलाय. अरे बाबा, तो गंज नाही, तुझ्या बापाने ठासलेला बार आहे! पण मला कुठली वाचा? त्याने चुलीतले निखारे अंगणात ओढले आणि माझं बूड त्यावर ठेवलं. तापलं की गंज सुटेल, असा त्याचा हिशेब.

माझं तोंड घराच्या दाराकडे होतं. दारात त्याची बायको सारजा ज्वारी पाखडत बसली होती.

बूड तापू लागलं. सारजा गाणं गुणगुणत होती. मी आतून नुसती ओरडत होते, ऊठ गं बाई, ऊठ!

तेवढ्यात सिद्धूची आई बानूबाई इंदापूरच्या बाजारातून आली. डोक्यावर पाटी तशीच. "काय चाललंय रं?"

"शेकतोय जरा, आये. आत लई गंज बसलाय. गज वीतभर आधीच अडतोय."

"वीतभर गंज?" बानूबाई जागीच थांबली. "सिद्धू, तुझ्या बाला बाजंवर आणला, त्या दिवशी बार वाजला व्हता का रं?"

"म्या न्हाय ऐकला."

"म्या बी न्हाय ऐकला."

पाटी धाडकन खाली पडली. "सारजे, ऊठ!"

"आत्याबाई, एवढं सूप पाखडते अन्..."

"सूप गेलं खड्ड्यात! ऊठ म्हणते न्हवं!" बानूबाईने तिचा दंड धरून तिला फरफटत भिंतीकडे ओढलं. सिद्धू मला उचलायला वाकला. "हात लावू नगंस! मागं सर!" ती किंचाळली. तो मागे सरला आणि मी उडाले.

धूर विरला तेव्हा सूप फाटलेलं होतं. शिसं दाराच्या फळीत रुतलं होतं, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. सारजा त्या भोकांकडे बघत राहिली. बानूबाई रडत रडत सिद्धूच्या पाठीत गुद्दे घालत होती आणि तो मुकाट खात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांडग्यापासून घर राखायला आणलेली मी, घरच्या लेकीबाळीवरच उठले होते.

पुढे सिद्धूने माझी नळी आतून नीट साफ केली, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. खंडेनवमीला पाणी नाही, कोरडं फडकं आणि तेलाचा हात. बारामतीच्या पाव्हण्यांनी आश्चर्याने स्वतःच्या तोंडात बोट घातलं. सगळे मला निरखून गेले. सारजा मात्र ओवाळणीचं ताट घेऊन लांबच उभी राहिली.

"आत्याबाई, तुमीच ओवाळा."

"अगं, रिकामी हाय आता," सिद्धू म्हणाला. "म्या सोता बघितलंय."

"असंल. पर माझं पाऊल न्हाय उचलत."

सिद्धू पुढे झाला. त्याने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग सारजा आली आणि तिने मागून ओवाळलं.

मित्रांनो, जुन्या हत्याराला आधी जाणत्या माणसाकडे न्या, ते रिकामं करून घ्या, मगच घासा आणि पुसा. आणि माझ्यासमोरून जायला कोणी भ्यालं, तर त्याला हसू नका. सारजा आजही माझ्यासमोरून जात नाही. मी एवढी चकचकीत झाले, पण तिची भीती काही मला घासून काढता आली नाही.