नाचली म्हणजे बरी झाली

जांभूळ गावच्या हिरामणला एकच लाडकी लेक होती आणि ती घोडी होती. हे त्याची बायको रखमा चारचौघांत म्हणायची. त्यात टोमणा आहे हे हिरामणला कधी कळलंच नाही, उलट तो मिशीवर ताव द्यायचा. घोडी पांढरीशुभ्र, नाव शहजादी. ढोलाचा पहिला ठोका पडला की पुढचा उजवा पाय उचलायची, मग डावा, मग अशी काही डुलायची की वर बसलेला नवरदेव बायकोपेक्षा आधी लगामच घट्ट धरायचा. हा नाच हिरामणनं स्वतः शिकवलेला, एका हातात गूळ आणि दुसऱ्या हातात छडी घेऊन. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, तिन्हीकडे आधी शहजादीची तारीख मिळायची आणि मग लग्नाचा मुहूर्त निघायचा, असं तो सांगायचा. त्यातलं निम्मं तरी खरं होतं.

तीच शहजादी लंगडायला लागली. हिरामणनं हळद-तेल चोळलं, दृष्ट काढली, मिरच्या जाळून अख्ख्या आळीला ठसका लावला, आणि नाल ठोकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी रखमाच म्हणाली, "बदलापूरच्या वाटेवर एक बाई हाय म्हणं, जनावरांचे पाय धड करते. तिच्याकडं न्या, नायतर मलाच न्या, माझे गुडघे पण दुखतात." हिरामणनं घोडीला नेलं.

बाईचं नाव डॉक्टर संजीवनी. जनावरांचे पाय बरे करायच्या तिच्या सेंटरवर काचेच्या टाकीत, पोटापर्यंतच्या पाण्यात, फिरत्या पट्ट्यावर उल्हासनगरच्या कॅम्प चारचा एक गलेलठ्ठ लॅब्राडॉर चालत होता. बाहेरून त्याचे मालक-मालकीण टाळ्या पिटत होते, "चल बेटा, शाब्बास बेटा!" कुत्र्याचा चेहरा मात्र कर्ज काढून शिकायला घातलेल्या पोरासारखा होता.

"आमच्या गावात कुत्रं नदीत टाकलं की फुकट चालतं," हिरामण म्हणाला.

"आणि लंगडलं की फुकट मरतं," संजीवनी म्हणाली. "घोडी आणा इकडं."

तिनं पुढचा उजवा पाय चाचपला. गुडघ्याखाली, मागच्या बाजूची दोरीसारखी जाड शीर सुजून गरम झाली होती. थंड पाण्याची धार, पट्टी, मऊ मातीवर हळूहळू चालणं, गाजर दाखवून मान आणि पाठ ताणणं, असं सगळं तिनं सांगितलं. नाच बंद.

"आणि लग्नसराई?"

"लग्नसराई पुढच्या वर्षी पण येईल. लोक ठेच लागली तरी लग्न करायचं सोडत नाहीत. पण ही आत्ता नाचली आणि शीर तुटली, तर परत पायावर उभी राहणार नाही. कळलं?"

कळलं. शहजादी तिथंच राहिली आणि खरंच सुधारायला लागली. सूज उतरली, चाल सरळ झाली. हिरामण रोज येऊन मातीच्या रिंगणाच्या काठावर बसायचा आणि गाजरं फार महाग झाली म्हणून कुरकुरायचा.

मग लखीशेटचा फोन आला. उल्हासनगर कॅम्प तीनमधला सिंधी शेट, जीन्सचा कारखानदार, एकुलत्या एका पोराची वरात. "घोडी वही चाहिए, नाचनेवाली. नहीं तो बबन को बोलता हूँ."

बबन! कॅम्प चारच्या बबनची घोडी म्हणजे सिमेंटची गोण पाठीवर घेतल्यासारखी चालायची. तिच्यावर आपली वरात जाणार? हिरामणच्या नाकाला मिरची झोंबली. दुसऱ्या दिवशी बँडमधल्या चंदूला ढोलासकट मोटरसायकलवर घालून तो सेंटरच्या फाटकाशी हजर झाला. "हाण!" म्हणाला.

चंदूनं ठोका हाणला. लॅब्राडॉर टाकीतून उडी मारून पळाला, मालकीण त्याच्यामागे. आणि मातीच्या रिंगणात शहजादीनं उजवा पाय उचलला, मग डावा, मग डुलायला लागली.

"बघा बाई!" हिरामणच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "नाचली! बरी झाली माझी लेक!"

"अहो शहाणे," संजीवनी ओरडली, "पाय मोडला तरी ती नाचेल! दुखलं की थांबायचं, ही जनावराची अक्कल. ती तुम्ही छडीनं काढून टाकलीत!"

शिकलेली माणसं दुखणं लांबवतात, गिऱ्हाईक टिकावं म्हणून. हे हिरामणला पक्कं ठाऊक होतं. त्यानं टेम्पो बोलावला.

वरात कॅम्प तीनच्या बाजारातून निघाली. शहजादीच्या अंगावर जरीची झूल, वर घामाघूम नवरदेव. पहिल्या चौकापर्यंत ती अशी नाचली की हिरामणची छाती फुगली. दुसऱ्या चौकात तिचा उजवा पाय खाली टेकला आणि दबला. पुढच्या ठोक्याला तिनं तो उचलला, टेकवला, पुन्हा कलंडली.

"ओये, नया स्टेप!" कोणीतरी ओरडलं. मोबाइल वर गेले. पोरं घोडीसारखी एक पाय ओढत नाचायला लागली, मग काका, मग मावश्या. बघता बघता अख्खी वरात लंगडत नाचू लागली. लखीशेटनं हिरामणला मिठीच मारली. "साईं, कमाल कर दी! ये नया सिखाया क्या?"

सगळे हिरामणकडे बघत होते. "हां शेट," त्याच्या तोंडून निघून गेलं, "खास तुमच्यासाठी."

मेल्या, तुझी जीभ कशी झडली नाही, अशी त्यानं स्वतःलाच शिवी घातली. घोडीचे कान मागे पडले होते, मानेवर घामाचा फेस होता, आणि तरी ती ठोक्याठोक्याला पाय उचलत होती.

"बंद करा!" हिरामण बोंबलला. "बंद करा रे! लंगडतीय ती, नाचत नाय!" कोण ऐकतो? त्यानं नवरदेवाची कंबर धरली आणि त्याला सरळ खाली ओढलं. नवरदेवाचा मामा धावून आला. अपशकुन झाला म्हणून शिव्या, धक्काबुक्की, कोणी कानाखालीही ओढली. मग लखीशेट ओरडला, बबनला फोन लावा, आणि तो येईपर्यंत बँड थांबवू नका, रंगाचा बेरंग नको.

वरात दहा दुकानं पुढं सरकली आणि तिथंच नाचत उभी राहिली. शहजादीला तेवढंही पाऊल टाकवेना. हिरामणनं झूल ओढून फेकली, संजीवनीला फोन लावला.

तिनं शिवी दिली नाही, रागावली नाही. "मी निघते," म्हणाली. "तोवर तिला ढोलापासून लांब न्या."

"चालवत नाय हो तिला."

"मग ढोल थांबवा."

तेही त्याच्या हातात नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे घोडीच्या कानांवर दाबून धरले आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून भर बाजारात रडत विनवू लागला, "नको गं बाय माझी, नको. बास झालं. नको नाचू."

तळव्यांखाली तिचे कान थरथरले, आणि तिनं दुखरा पाय उचलला.